सव्वा मिलिग्रॅम

पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका या दुखण्यात एक्स-रे स्वच्छ येतो. बोटं वाकडी होत नाहीत, गुडघे लालबुंद होत नाहीत, बघणाऱ्याला माणूस धडधाकट दिसतो. फक्त सकाळी स्वतःची वेणी घालता येत नाही. मान, खांदे, कंबर आणि मांड्या रात्रीतून अशा धरल्या जातात की कुशीवर वळायचं तर पलंगाची कड पकडून, दातओठ खाऊन वळावं लागतं. ब्लाउजचा हात चढत नाही, दोरीवर धुणं टाकता येत नाही, कमोडवरून उठताना भिंतीचा आधार शोधावा लागतो. दुपारी बारा-एकच्या सुमाराला अंग जरा मोकळं होतं, घरातल्यांना वाटतं उतार पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

हे दुखणं पन्नाशीच्या आत सहसा होत नाही, सत्तरीच्या आसपास सगळ्यात जास्त होतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने होतं. ते लवकर ओळखलं जात नाही याचं निम्मं कारण इथेच आहे. म्हाताऱ्या बाईचं अंग दुखतं यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही, अगदी त्या बाईलाही. दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे गुण मानला जातो, आणि मला त्या गुणाचा मनापासून राग आहे. माझ्या आईच्या पिढीतल्या किती बायका सकाळी उठताना भिंत धरायच्या ते आता आठवतं. त्यांतल्या कितीजणींना हेच असेल कोण जाणे. कुणी त्यांचं रक्तही तपासलं नाही.

या रोगाचं पहिलं वर्णन 1888 मध्ये विल्यम ब्रूस नावाच्या डॉक्टरने केलं. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथपेफर या गंधकाच्या झऱ्यांच्या गावी लोक अंगदुखीवर स्नानाला येत, तिथे त्याने असे पाच रुग्ण पाहिले. आजचं नाव मात्र 1957 मध्ये पडलं. मधल्या सत्तर वर्षांत माणसं झऱ्याच्या पाण्यात बसत होती, शेक घेत होती आणि हळूहळू आपोआप बरं होण्याची वाट बघत होती. कारण या दुखण्याला लागू पडणारं औषध त्यातल्या बहुतेक काळात अस्तित्वातच नव्हतं.

मी साताऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, माझे दोन्ही खांदे धरले. आधी एका ठिकाणी फ्रोझन शोल्डर म्हणून व्यायाम सांगितले, दुसरीकडे ड जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्या, तिसरीकडे ‘आता वय झालं, बाई’ एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी पुण्याला संधिवाताच्या डॉक्टर आहेत त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, “सकाळी उठल्यावर हात डोक्यापर्यंत जायला किती वेळ लागतो?” इतक्या महिन्यांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग रक्तातला दाह दाखवणारं ईएसआर आणि सीआरपी तपासलं, दोन्ही चढलेले होते. डोकं दुखतं का, विंचरताना टाळू हुळहुळते का, जेवताना जबडा भरून येतो का, दिसायला मध्येच अंधारी येते का, हेही त्यांनी एकेक करून विचारलं. या दुखण्याचा एक जवळचा नातलग आहे, जायंट सेल आर्टरायटिस. त्यात कानशिलाजवळच्या रक्तवाहिन्यांना दाह होतो आणि वेळीच औषध मिळालं नाही तर डोळा कायमचा जाऊ शकतो. माझ्यात ती लक्षणं नव्हती. “पण यातलं काहीही कधी जाणवलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा,” असं त्यांनी बजावलं. आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहून दिलं, रोज 15 मिलिग्रॅम, सकाळी न्याहारीनंतर.

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर एक फळी आहे आणि तिच्यावर साखरेचा डबा असतो. त्या हिवाळ्यात तो डबा आमचे हे रोज पहाटे खाली काढून ठेवत, कारण माझा हात तिथपर्यंत जात नसे. गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मी चहा ठेवायला गेले आणि डबा मी काढला. पाणी उकळायला लागलं तेव्हा लक्षात आलं की हात वर गेला होता आणि काही दुखलं नव्हतं. मी डबा परत फळीवर ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग न्हाणीघरात जाऊन आरशासमोर अंबाडा घातला. त्या दिवशी मला रडू आलं ते दुखणं गेलं म्हणून की इतके महिने ते विनाकारण सोसलं म्हणून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

औषध इतक्या लवकर गुण देतं तेव्हा मनात श्रद्धा निर्माण होते, आणि हे औषध घेणाऱ्याने सर्वांत जास्त जपायचं ते या श्रद्धेपासून. पंचाहत्तर वर्षांपूर्वी हीच श्रद्धा साऱ्या जगाने अनुभवली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे संधिवाताचे डॉक्टर होते. 1929 मध्ये त्यांच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि काविळीबरोबर त्याची सांधेदुखी कमी झाली. पुढे गरोदर बायकांमध्येही त्यांना हेच दिसलं. म्हणजे संधिवात उलटवता येतो, शरीरातच असं काहीतरी आहे जे तो थोपवतं, हा विचार त्यांनी जवळजवळ वीस वर्षं सोडला नाही. त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल अधिवृक्क ग्रंथीतून एकेक संयुग वेगळं करत होते. त्यांतल्या एकाला पुढे कॉर्टिसोन म्हटलं गेलं. ते थोडंसं बनवायलाही गुरांच्या पित्तापासून सुरुवात करून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढाव्या लागत. 21 सप्टेंबर 1948 रोजी एकोणतीस वर्षांच्या, जवळपास अंथरुणाला खिळलेल्या एका संधिवाताच्या रुग्णाला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. आठवड्याभरात ती बाई चालत बाहेर पडली आणि गावात खरेदी करून आली. 1950 मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं.

त्या बाईला दिवसाला 100 मिलिग्रॅम कॉर्टिसोन देत होते. आजच्या प्रेडनिसोलोनमध्ये ते 20 मिलिग्रॅम होतं. म्हणजे मी सुरुवातीला घेत होते त्याहून थोडंच जास्त. ही आकडेमोड मी प्रथम केली तेव्हा त्या अनोळखी बाईबद्दल फार जवळीक वाटली. पण कॉर्टिसोन थांबवलं की दुखणं परत येतं, आणि चालू ठेवलं तर चेहरा सुजतो, मन थाऱ्यावर राहत नाही, हाडं विरळ होतात, हेही त्या पहिल्या एक-दोन वर्षांतच दिसून आलं होतं. चमत्कार आणि त्याची किंमत दोन्ही एकाच सुमाराला कळलं. त्यानंतर आजपर्यंत या औषधाबाबत डॉक्टर जे काही शिकले ते मुख्यतः एकच: किती कमी देऊन भागेल, आणि किती सावकाश काढून घेता येईल.

रसायनाची शिक्षक म्हणून यातला आणखी एक धागा मला सोडवत नाही. गुरांच्या पित्तातून होणारं उत्पादन कधीच पुरलं नसतं. मेक्सिकोत रसेल मार्कर यांनी तिथल्या रानटी कंदापासून स्टेरॉइडांचा मूळ सांगाडा मिळवला होता. आपल्याकडे कोकणात कोनफळ खातात, ते त्याच डायोस्कोरिया कुळातलं. पण त्या सांगाड्यावर अकराव्या कार्बनला ऑक्सिजन बसवणं हे काम प्रयोगशाळेत फार किचकट होतं. 1952 मध्ये अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी ते एका बुरशीकडून करून घेतलं, ऱ्हायझोपसकडून. ती बुरशी ते काम एका पायरीत करत होती. त्यामुळे हे औषध स्वस्त झालं आणि माझ्यासारख्या पेन्शनवर जगणाऱ्या बाईच्या आवाक्यात आलं.

आणि 2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात घरोघरी ज्या काळ्या बुरशीने लोकांचे डोळे आणि जबडे गेले, तीही बहुतांशी ऱ्हायझोपसच. करोनाच्या रुग्णांत स्टेरॉइड उपयोगी पडतं हे 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीने दाखवलं होतं. डोस ठरलेला होता: डेक्सामेथासोन, दिवसाला 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांनाच त्याचा फायदा झाला, ज्यांना लागत नव्हता त्यांना नाही. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे हे सगळं बाजूला राहिलं. घरी बसलेल्या, ऑक्सिजन चांगला असलेल्या माणसांनाही गोळ्या चालू झाल्या, डोस वाढले, दिवस वाढले, साखर कुणी तपासली नाही, आणि त्या बुरशीचं फावलं. आमच्या नात्यातल्या एका तरुण मुलाचा एक डोळा त्यात काढावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे ‘स्टेरॉइड’ म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे.

म्हणून माझी गोळी सुरू झाल्याचं कळताच वन्सं कऱ्हाडहून मुद्दाम आल्या. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, जीव लावणाऱ्या. म्हणाल्या, “अगं, ती गोळी बंद कर आधी. हाडं पोकळ करते ती. मी तुला पुडी आणून देते, निव्वळ झाडपाला आहे. तीन दिवसांत पळायला लागशील.”

मी म्हटलं, “वन्सं, तीन दिवसांत पळायला लागतं ना माणूस, म्हणूनच मला त्या पुडीची भीती वाटते.”

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. पण वर्षानुवर्षांचं दुखणं तीन दिवसांत थांबवणारी बिननावाची पावडर हातात पडली, तर तिच्यात काय मिसळलेलं असू शकतं याचा अंदाज बांधायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहायच्या. त्यांना कुणीतरी दर महिन्याला अशा पुड्या आणून देई. सांधे दुखायचे थांबले, भूक वाढली, चेहरा गोल झाला, लोक म्हणायचे तब्येत सुधारली. दंडावर जांभळे डाग पडत ते त्या पदराखाली झाकत. मग पुड्या आणणारा माणूस यायचा बंद झाला. आठवड्याभरात मावशींना उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब खाली गेला, त्या अंथरुणावरून उठेनात. दवाखान्यात नेल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरने गोल चेहरा आणि ते डाग बघून बरोबर ओळखलं आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. मावशी वाचल्या. पण पुढे त्यांचा सगळा उपचार अंधारातून सुरू करावा लागला, कारण त्या काय घेत होत्या आणि किती घेत होत्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेले आहेत. वन्संना मी एवढंच दाखवलं, ते पाकीट. त्यांचं समाधान झालं असं नाही, पण पुडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मावशींना जे झालं त्याचं कारण प्रत्येक स्टेरॉइड घेणाऱ्याने समजून घ्यायला हवं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर चार-पाच ग्रॅम वजनाची एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये दाखवलं की या ग्रंथी निकामी झाल्या तर माणूस खंगत जातो आणि मरतो. त्यांतून रोज कॉर्टिसॉल स्रवतं. मध्यरात्री सगळ्यात कमी, पहाटे वाढत जाऊन उठण्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त. साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपासचं काम शरीर स्वतःच करत असतं. बाहेरून त्याहून जास्त मिळायला लागलं की मेंदूतून येणारी आज्ञा थांबते आणि ग्रंथी गप्प होतात. घरी रोज आयता डबा यायला लागला की चूल विझते, तसं. डबा एकदम बंद केला तर चूल त्याच दिवशी पेटत नाही, तिला वेळ लागतो, कधी महिने लागतात. आणि त्या काळात ताप आला, अपघात झाला, ऑपरेशनची वेळ आली, तर शरीराला एरवीपेक्षा जास्त कॉर्टिसॉल हवं असतं आणि ते बनवणारं कुणी नसतं.

म्हणून उतरायचं ते पायरी-पायरीने. माझा पहिला टप्पा सोपा गेला: 15 वरून साडेबारा, साडेबारावरून 10. दहाच्या खाली मात्र महिन्याला साधारण एकेक मिलिग्रॅमच कमी करायचा असतो. आमच्या मेडिकलमध्ये एक मिलिग्रॅमची गोळी मिळेना. मग पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी पाचच्या गोळीचे चार तुकडे करायला सांगितले. एक तुकडा सव्वा मिलिग्रॅमचा.

त्या गोळीच्या मधोमध एक खाच असते, तिथे ती बिनतक्रार दुभंगते. पण अर्ध्याचे दोन पाव करायला खाच नसते. सुरीने केलं तर एक तुकडा मोठा होतो, एकाचा भुगा होतो. मी प्लास्टिकची गोळी कापायची डबी आणली, तिच्या झाकणात पातं बसवलेलं असतं. अर्धी गोळी तिच्यात कोपऱ्यात उभी बसवायची, झाकण एकाच दमात खाली दाबायचं, थांबत-थांबत दाबलं तर गोळी सरकते. आठवड्याचे तुकडे रविवारी सकाळी कापते. पांढरा भुगा पात्यावर राहतो तो रुमालाने पुसते आणि हात धुते. एखादा तुकडा किंचित लहान-मोठा झाला तरी चालतं, दोन दिवसांत सरासरी निघते, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा बरं वाटलं. आयुष्यभर प्रयोगशाळेत काट्यावर मिलिग्रॅम तोलायला शिकवलं, त्यामुळे हे ऐकून घेणं गरजेचं होतं.

पहिल्या महिन्यांत औषधाने आपलं सगळं दाखवलं. झोप उडाली. पहाटे तीनला उठून मी भांड्यांची फडताळं आवरत असे, मनात विलक्षण उत्साह, आणि संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी. ह्यांच्यावर मी इतकी कधी चिडले नव्हते. भूक अशी की जेवून उठल्यावर पुन्हा भाकरी दिसावी. पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या बंद केल्या, गोड बंद केलं. साखर सकाळची उपाशीपोटीची चांगली यायची आणि मला वाटायचं सगळं ठीक आहे. मॅडमनी जेवणानंतर दोन तासांची करायला लावली, ती चढलेली होती. सकाळी घेतलेली ही गोळी साखर दुपारी आणि संध्याकाळी वाढवते, पहाटेच्या रक्तात ते दिसत नाही. हे ज्यांना ही गोळी चालू आहे त्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं. हाडांचं नुकसान पहिल्या तीन-सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होतं, म्हणून डेक्सा स्कॅन आणि हाडांची गोळी सुरुवातीलाच झाली, वर्षभर थांबून नाही. हाडांची ती गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. डोळे दर सहा महिन्यांनी. न्यूमोनियाची लस घेतली. एवढं सांगून हे संपवते, कारण याची यादी प्रत्येक पाकिटातल्या कागदावर असते आणि ती वाचून माणूस घाबरतो. घाबरण्यापेक्षा तपासून घेणं चांगलं.

कागदावर नसतं ते वेगळंच आहे. डोस खाली येत जातो तसं कुठलं दुखणं कशाचं, हे ओळखायला शिकावं लागतं, आणि हे दुसरं कुणी आपल्यासाठी करू शकत नाही. मॅडमना महिन्या-दोन महिन्यांनी मी दिसते, त्यांच्या हातात ईएसआरचा आकडा असतो. पण पहाटे पाचला माझ्या खांद्यात काय चाललंय ते मलाच कळतं.

माझ्याकडे चौकोनी रेघांची प्रयोगवही आहे. तिच्यात तारीख, डोस, आणि सकाळी साखरेचा डबा किती वाजता सहज निघाला ती वेळ. एवढंच. त्या नोंदींतून हळूहळू उलगडत गेलं. गोळी सव्वा मिलिग्रॅमने उतरली की चार-पाच दिवसांनी सगळं अंग आंबल्यासारखं होतं, पोटऱ्या, हातांचे पंजे, अगदी बरगड्यासुद्धा. उत्साह नाहीसा होतो, दुपारी झोपावंसं वाटतं. पण डबा निघतो. हे दुखणं औषध कमी झाल्याचं, शरीर नव्या हिशोबाची सवय करून घेतंय त्याचं. दोन आठवड्यांत ते आपसूक ओसरतं. मूळ दुखण्याची चाल निराळी. ते खांद्यांत आणि मांड्यांत एकाच वेळी, दोन्ही बाजूंना येतं, पहाटे येतं, आणि डब्याची वेळ सहावरून साडेसातवर, मग नऊवर सरकत जाते. तिसरं दुखणं उजव्या गुडघ्याचं. जिना उतरताना, संध्याकाळी वाढणारं. ते निव्वळ झिजेचं. पंधरा मिलिग्रॅमवर असताना ते गायब झालं होतं, आणि मी समजले होते की गुडघाही बरा झाला. डोस साडेसातवर आला तसा गुडघा पुन्हा बोलायला लागला. त्याच्यासाठी गोळी वाढवायची नाही, मांडीचे व्यायाम करायचे आणि जिन्याचा कठडा धरायचा. हे मान्य करायला वेळ लागला, कारण पाव गोळी जास्त घेतली की तोही गप्प बसेल हे मला ठाऊक होतं. डबीत तुकडे समोरच असतात. घरी लग्न आहे, प्रवास आहे, पाहुणे आहेत, आजचा दिवस तेवढी पाव गोळी जास्त, हा विचार कुणाच्या मनात येत नसेल असं मला वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात सव्वासहावर असताना मूळ दुखणं परत आलं. डब्याची वेळ रोज पुढे सरकत होती, अंबाडा पुन्हा घालता येईना. ईएसआर केला, तोही वाढलेला. मॅडमनी डोस पुन्हा पावणेनऊवर नेला, तेव्हा मुलाने बंगळुरूहून फोनवर विचारलं, “आई, म्हणजे इतकं सगळं केलेलं वाया गेलं का?” त्याच्या आवाजातली काळजी मला कळत होती. पण वाया काही गेलं नव्हतं. या दुखण्यात असं मागे जाणं पुष्कळांना होतं. उपचार वर्षभर तर चालतोच, बऱ्याच जणांचा दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त चालतो, आणि वाटेत एखाददोन वेळा मागच्या पायरीवर यावं लागतं. ज्यांना उतरणं जमतच नाही त्यांच्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी जोडीची औषधं असतात, आणि 2023 मध्ये अमेरिकेत या दुखण्यासाठी म्हणून सॅरिलुमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली. मला अजून त्यांची गरज पडलेली नाही. मला सर्वांत जास्त आधार मिळाला तो वहीचा. पहिल्या वेळी कुठलं दुखणं कशाचं हे ओळखायला महिने गेले होते. या वेळी आठवड्याच्या आत ओळखलं, आणि म्हणून डोस थोडाच वाढवून भागलं, पुन्हा पंधरावर जावं लागलं नाही.

आता पावणेचार मिलिग्रॅम चालू आहे. पाऊण गोळी. तीन गोळ्यांत चार दिवस निघतात. पाचाच्या खाली येताना मॅडमनी सकाळी आठला, गोळी घेण्याआधी, रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं. ग्रंथी जाग्या होतायत पण पुरत्या नाहीत, असं निघालं. म्हणून उतरणं आणखी सावकाश, दोन-दोन महिन्यांनी एक तुकडा.

पर्समध्ये, आधार कार्डाच्या मागे, एक चिठ्ठी आहे. ती ह्यांनी मोठ्या अक्षरात लिहिली आहे, मॅडमच्या सांगण्यावरून: ‘रुग्ण दीर्घकाळ प्रेडनिसोलोन घेत आहे. अचानक बंद करू नये. गंभीर आजार, उलट्या, अपघात किंवा शस्त्रक्रिया असल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्यावे.’ खाली डॉक्टरांचा नंबर. ह्यांना आणि मुलाला दोघांनाही मी तोंडपाठ करून घ्यायला लावलं: मला चांगला ताप आला तर त्या दिवसांपुरती गोळी दुप्पट, उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर घरी थांबायचं नाही, सरळ इंजेक्शनला न्यायचं. मुलगा म्हणाला, “आई, तू परीक्षा घेतेयस.” घेतेच आहे. शेजारच्या सूनबाईंनाही सांगून ठेवलंय, कारण दुपारी घरी मी एकटी असते.

पुढचा तुकडा ऑगस्टमध्ये कमी करायची वेळ येत होती. मी मॅडमना म्हटलं, पावसाळ्यात नको. साताऱ्याचा पाऊस, घरोघरी सर्दी-ताप, त्यात गणपतीला माणसांची ये-जा. मला ताप आला तर गोळी दुप्पट करावी लागेल आणि मग वहीतून काहीच नीट कळणार नाही. त्यांनी माझी वही चाळली, मागच्या पावसाळ्याची पानं बघितली आणि कागदावर ऑगस्ट खोडून ऑक्टोबर लिहिलं.